तीन हाका

तळेवाडीला तळं नाही. कधी काळी होतं म्हणतात, पण ते पाहिलेला माणूस काही कुणाला भेटलेला नाही. लातूर जिल्हा नवा झाला त्याला अजून वर्ष व्हायचं होतं, आणि त्या पहिल्याच उन्हाळ्यात तळेवाडीच्या विहिरींनी तळ दाखवला. लोक म्हणायचे, जिल्हा आला आन् पाणी गेलं. ह्यात जिल्ह्याचा काय दोष, पण दुष्काळात माणसाला चिडायला कुणीतरी लागतंच.

त्या जिल्ह्याच्या ठिकाणी जायला कस्तुराबाई सकाळी आठलाच घराबाहेर पडली. गावात अंगणवाडी निघणार होती आणि बाईच्या जागेसाठी तिला मुलाखतीला बोलावलं होतं. दुपारी बारा वाजता लातुरात हजर राहायचं. सातवी पास झालेली गावातली ती एकटी सून, असं गाव म्हणायचं. हे खरं नव्हतं. ओढ्यापलीकडच्या वस्तीतली पंचशीला दहावी पास होती. पण तिच्या हातची सुकडी आपली पोरं खाणार नाहीत, असं गावानं आधीच ठरवून टाकलं होतं, म्हणून तिनं अर्जच केला नव्हता. गाव तिला मोजतच नव्हतं, मग सातवी पास बाई एकटी उरणारच.

गंमत अशी की कस्तुराबाईला मुलाखतीसाठी तयार केलं ते ह्याच पंचशीलानं. साहेब दोनचार इंग्रजी शब्द विचारतात म्हणे, असं कानावर आलं तेव्हा कस्तुराबाईनं ओढ्यात सरपण वेचणाऱ्या पंचशीलाला हाक मारली. मग रोज दुपारी कस्तुराबाई उंबऱ्याच्या आत ज्वारी पाखडत बसायची आणि पंचशीला उंबऱ्याबाहेर, अंगणात, काटकीनं धुळीत अक्षरं काढायची. वॉटर, मिल्क, चाइल्ड, फायर.

"फायर म्हंजे आग," पंचशीला म्हणाली. "बंदुकीतून गोळी सुटली तरी फायर. आन् साहेबानं नोकरीवरून काढलं तरी फायरच, अक्का."

"इंग्रजाकडं शब्दांचा बी दुष्काळ हाय का काय?" कस्तुराबाई म्हणाली. दोघी हसल्या.

आपल्याकडं तो दुष्काळ नाही. चुलीत राखेखाली निजलेला असतो तो विस्तव. चिमट्यात धरला की निखारा, तव्याखाली लागला की जाळ. तो आपलं ऐकतो तोवर त्याची अशी लाडकी नावं असतात. हातातून सुटला की मगच त्याला आग म्हणायचं.

दोन घरांत भांडण असलं की त्यांच्यात विस्तव जात नाही, असं आपण म्हणतो. कस्तुराबाईच्या आणि पंचशीलाच्या घरात भांडण असं कधीच झालं नाही. तरी विस्तव जात नव्हता. सकाळी एकीची चूल विझली तर ती पुढच्या तीन घरांत खापरीवर विस्तव मागत फिरे, पण ओढा कुणी ओलांडत नसे. पाण्याचंही तसंच. पंधरवड्यापूर्वी पंचशीलाचं पोर तापानं फणफणलं तेव्हा ती तांब्याभर पाणी मागायला आली होती. कस्तुराबाईनं नाही म्हटलं नाही. तिनं हात उंच करून, भांड्याला भांडं लागू न देता, वरून धार धरली आणि तांब्या काठोकाठ भरून दिला. एवढ्या टंचाईत पाणी दिलं, म्हणून रात्री तिचं तिलाच बरं वाटलं होतं.

तर त्या सकाळी ती फाट्यावर आली आणि बस मिळाली. घरात सासू होती, सरजाबाई. दोन वर्षांपूर्वी अर्धांग झालं तेव्हापासून उजवं अंग गेलं, जीभ जड झाली, सगळा संसार बाजेवर. नवरा किशनराव जनावरं घेऊन हिमायतनगरच्या जंगलाकडं गेला होता, कारण इकडं काडी उरली नव्हती. बाकीचं गाव दिवस उगवायला खडी फोडायच्या कामावर जायचं ते दिवस मावळताना परतायचं. कस्तुराबाईनं सासूला भरवलं, उशाला पाण्याचा तांब्या ठेवला, कुत्री शिरू नयेत म्हणून दाराला बाहेरून कडी घातली. दुपारी चारपर्यंत परत येऊ, असा हिशेब होता.

रेणापूर सोडून कोसभर गेल्यावर बस आचके खायला लागली.

"मिसफायर मारून राहिली," ड्रायव्हर म्हणाला आणि गाडी पेट्रोल पंपावर घेतली.

"आता उशीर झाला का डेपोत मला फायरिंग," कंडक्टर पुटपुटला आणि बिडी घेऊन लांब जाऊन उभा राहिला.

कस्तुराबाई मनातल्या मनात हसली. पंचशीलानं सांगितलेल्यात ह्या दोन अर्थांची भर पडली होती. ती खिडकीतून बघत बसली. पंपाच्या भिंतीवर वाळूच्या लाल बादल्या टांगल्या होत्या आणि प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात चार अक्षरं होती. तिनं एकेक अक्षर ओठांवर घेतलं. एफ. आय. आर. ई. पहिल्यांदाच एक इंग्रजी शब्द तिनं कुणी न सांगता वाचला होता. तिला इतका आनंद झाला की शेजारच्या म्हातारीला सांगावंसं वाटलं. फायर. फायर म्हणजे आग, फायर म्हणजे विस्तव.

विस्तव.

चूल डोळ्यांसमोर उभी राहिली, जशीच्या तशी.

रोजचा नेम असा होता. सकाळचा स्वयंपाक वारं सुटायच्या आत उरकायचा. चैत्र लागला की कोतवाल व्यंकटी दवंडीच द्यायचा, दिवस कासराभर वर आला की कुणी चुलीला जाळ घालायचा नाही, गाव वाळून काडी झालंय. मग उरल्या विस्तवावर एक अख्खी गोवरी ठेवायची आणि राखेत पुरायची, म्हणजे ती आतल्या आत धुमसत राहते आणि संध्याकाळी काडीपेटी लागत नाही. त्याच्यावर लोखंडी परात पालथी घालायची, परातीवर दगड. आणि चुलीपुढच्या तुराट्या उचलून बाहेर नेऊन टाकायच्या. लग्न होऊन आली तेव्हा सरजाबाईनंच हे शिकवलं होतं आणि सतरा वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

आज परातीत तिनं वाटेसाठीच्या भाकरीचं पीठ मळलं होतं. परात तशीच भिंतीला टेकवलेली तिला दिसली. गोवरी पुरलेली आठवत होती. दगड ठेवलेला आठवत नव्हता. तुराट्या बाहेर नेलेल्या आठवत नव्हत्या. त्या चुलीच्या तोंडाशीच होत्या, हातभरावर. वर पाचटाचं छप्पर, मागं उघडी खिडकी, आणि छपराला लागून सासूची खोली. दाराला बाहेरून कडी.

आणि बसच्या खिडकीतून गरम वाऱ्याची पहिली झुळूक तिच्या तोंडावर आली.

"मला उतरायचंय," ती कंडक्टरला म्हणाली.

"बाई, आत्ता चालू व्हतीय गाडी. लातूर राहिलंय किती?"

"माझी सासू घरात हाय," ती म्हणाली, आणि ह्यात उतरण्यासारखं काय ते त्याला कळायच्या आत खाली उतरली.

उलट दिशेची बस तासाभरानं होती. तिनं पायवाट धरली. नदीच्या कोरड्या पात्रातून गेलं तर तळेवाडी दोन कोस. आधी ती चालली, मग पळाली, मग धाप लागली म्हणून पुन्हा चालली. मुलाखतीचा कागद चोळीत घामानं भिजत होता. सारखं वाटत होतं, आपण ठेवली असेल परात. हात सवयीनं काम करतात, आपल्याला कुठं सगळं आठवतं? मग वाटायचं, नाही, परात भिंतीला टेकवलेली आपण बघितलीय. एक मन ठेवली म्हणायचं, दुसरं नाही म्हणायचं, आणि दोन्ही मनं तिचीच असल्यामुळं कुणावर विश्वास ठेवावा कळेना.

वारं वाढलं. नदीतली वाळू उडून पायांना चटके देऊ लागली. तिला सासूचा विचार नको होता, तरी तोच येत होता. सरजाबाईला ओरडता येत नव्हतं. "आ" म्हणायची तेही कण्हल्यासारखं यायचं. डाव्या हातानं ती फार तर बाजेची दोरी ओढू शकायची. धूर आला तर तिला कळेल, सगळं कळेल, आणि ती बघत पडून राहील. हे मनात आलं तेव्हा कस्तुराबाई भर उन्हात पुन्हा पळायला लागली. पाच वर्षांपूर्वी हीच सासू तिला हातभर जिभेनं बोलायची आणि ही मनात म्हणायची, देवा, हिला एकदा गप कर. तिला वाटलं, देवानं तेव्हाचं ऐकून ठेवलंय.

काठावर चढली आणि तिला धूर दिसला. तळेवाडीच्याच अंगाला, काळा, जाड, वाऱ्यानं आडवा झालेला. ती बांधावरच बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. मग उठली. जे काही उरलं असेल ते तरी उचलायला कुणी पाहिजे, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि धुराच्या दिशेनं निघाली.

तो धूर डांबराचा होता. नव्या जिल्ह्याच्या नव्या साहेबांसाठी फाट्याचा रस्ता गुळगुळीत होत होता आणि कडेला पिंपात डांबर उकळत होतं. मुकादम शेषेराव तिच्याच गल्लीतला. त्यानं तिला ओळखलं.

"काय वो वहिनी, मुलाखत झाली बी?"

"भावजी, गावाकडं काई जळलंय का? काई दिसलं का?"

"न्हाई वो. हितं ह्या धुरात काय दिसतंय? काय झालं?"

सांगितलं असतं तर आधी तो ओरडला असता, बाईमाणसाला नोकरी कशाला पाहिजे म्हणाला असता, आणि तेवढा वेळ तिच्याकडं नव्हता. ती पुन्हा पळत सुटली. आगीतून फुफाट्यात म्हणतात तसं झालं होतं, एका धुरातून सुटून ती न दिसणाऱ्या दुसऱ्या धुराकडं पळत होती, आणि न दिसणारा जास्त भीती घालत होता.

गावात चिटपाखरू नव्हतं. मारुतीच्या पारापाशी आली तेव्हा तिला जळकट वास आला. ओल्या राखेचा वास, पावसात चूल भिजली की येतो तसा. आणि पाऊस तर कुठंच नव्हता.

घराची कडी उघडी होती. मागच्या छपराचा एक अख्खा कोपरा काळा होऊन खाली आला होता, त्यातून आभाळ दिसत होतं. भिंतीवर काजळी चढली होती. चुलीच्या तोंडाशी तुराट्यांचा काळा लगदा पसरला होता. परात भिंतीला टेकवलेली होती, तिनं आठवली होती तशीच. सासूच्या खोलीत बाज नव्हती.

"आत्याबाई," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली.

बाज बाहेर लिंबाच्या सावलीत होती. सरजाबाई तिच्यावर पडून होती, लुगडं ओलं, तोंडावर काजळी, डोळे उघडे. ती जिवंत होती. बाजेच्या कडेला जमिनीवर पंचशीला बसली होती. तिच्या उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत ओली चिंधी गुंडाळली होती. सरजाबाईनं आपल्या धड असलेल्या डाव्या हातानं तिचा पदर मुठीत धरला होता. जन्मभर ज्या बाईनं ह्या लोकांची सावलीसुद्धा अंगावर घेतली नव्हती तिची ती मूठ होती, आणि ती सुटत नव्हती.

पंचशीला उठायला गेली, पण पदर अडकला म्हणून अर्धवट वाकून उभी राहिली.

"टँकरची वाट बघत मी आन् आमच्या सासूबाई वड्यापाशी बसलो व्हतो," ती सांगू लागली. "छपरातून धूर दिसला. पळत आले. कडी काढली, उंबऱ्यात उभी राहून तीन हाका मारल्या, अक्का, अक्का, अक्का. कुणीच न्हाई म्हटल्यावर शिरले आत. आधी आम्ही दोघींनी बाज भाईर घेतली, मंग रांजणातलं पाणी मारलं. समदं संपलं, अक्का. थेंब बी न्हाई उरला. सासूबाई आता टँकरच्या नंबरात बसल्यात."

कस्तुराबाईचं काळीज ठिकाणावर नव्हतं. दोन कोस पळून आलेली बाई, सासू मेली असं धरून चाललेली, आणि सासू समोर जिवंत. तिनं पंचशीलाच्या पाया पडायला हवं होतं. निदान हात तरी बघायला हवा होता. ती तोंड उघडून उभी राहिली आणि तिच्या तोंडून निघालं ते हे.

"रांजणात काय बुडवलंस?"

बोलली आणि तिलाच ते ऐकू आलं. तिला वाटलं, हे आपण नाही बोललो, दुसरंच कुणीतरी आपल्या तोंडानं बोललं. पण अंगणात दुसरं कुणी नव्हतं.

पंचशीलानं तिच्याकडं पाहिलं. तिच्या तोंडावर राग दिसला नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"तुमचाच तांब्या, अक्का," ती म्हणाली. "म्हातारीच्या उशाचा. आमची घागर तर रिकामीच व्हती."

मग तिनं वाकून सरजाबाईची बोटं एकेक करून सोडवली, पदर मोकळा केला आणि ओढ्याकडं चालू लागली. थोडं जाऊन थांबली. "मुलाखत?"

"राहिली," कस्तुराबाई म्हणाली.

"शब्द आठवले व्हते का पर?"

"आठवले," कस्तुराबाई म्हणाली. "म्हणून तर आले."

पंचशीलाला हे कळलं की नाही कुणास ठाऊक. ती गेली.

दुपारभर कस्तुराबाईनं राख भरून टाकली. सासूला कोरडं लुगडं नेसवलं. सरजाबाई काहीतरी म्हणत होती, पुन्हा पुन्हा, तेच तेच. कस्तुराबाईनं कान तोंडाशी नेला तेव्हा कळलं, ती "तिला" एवढंच म्हणत होती. तिला काय, ते काही जिभेवर येत नव्हतं. तिला बोलव, का तिला हाकल, का तिला काही दे. कस्तुराबाईनं तिसरा अर्थ धरला, पण घरात द्यायला तेल नव्हतं, गूळ नव्हता, पाणी तर मुळीच नव्हतं. सासूचे ओठ सुकले होते. तिचे स्वतःचेही. चार वाजले, पाच वाजले. वस्तीला टँकर आलेला तिला ऐकू आला. गावातला टँकर उद्या सकाळी यायचा होता. ओढ्यापलीकडं जाऊन पाणी मागावं, एवढंच करायचं होतं, पण दुपारी जे बोलून बसली होती ते घेऊन ओढा कसा ओलांडायचा ते तिला कळत नव्हतं.

दिवस मावळायला आला तेव्हा पंचशीलाच आली. डोक्यावर घागर, एका हातानं सावरलेली, चिंधी बांधलेला हात छातीशी. ती उंबऱ्याबाहेर थांबली. दुपारी ती ह्याच उंबऱ्यातून आत गेली होती.

"अक्का, भांडं आणा. म्हातारीला तरी पाजा."

कस्तुराबाई कळशी घेऊन बाहेर आली आणि तिच्यापुढं खाली बसली. पंचशीलानं घागर उतरवली आणि भाजल्या हातानं तिला टेका देऊन वर उचलली. वर, छातीच्याही वर, आणि तिथून धार धरली. भांड्याला भांडं लागू नये म्हणून. धार हलत होती आणि थेंब कळशीच्या कडेवरून धुळीत पडत होते. ती रागानं करत होती असं नाही. ह्या घरात आपल्याला जसं पाणी मिळालं तसंच ती देत होती.

कस्तुराबाईला इतकी लाज वाटली की मान वर होईना. कळशी उचलून घागरीला टेकवावी, बस, तिचा हात खाली येईल, थेंब वाया जाणार नाहीत. वीतभराचं अंतर होतं. तिनं कळशीच्या बुडाखाली हात घातला.

तेवढ्यात फाट्याकडून बोलणं ऐकू आलं. कामावरची माणसं परतत होती. शेषेरावाचा आवाज त्यात वेगळा कळत होता. अजून पाचपन्नास पावलं, की लिंबापाशी वळतील आणि अंगण दिसेल. दुपारी पात्रातून पळताना वाटली होती तीच भीती कस्तुराबाईला पुन्हा वाटली. कळशी होती तिथंच राहिली आणि तिनं मान वळवून रस्त्याकडं पाहिलं.

पुन्हा वळली तोवर धार थांबली होती. पंचशीलानं रिकामी घागर कडेवर घेतली आणि भाजलेला हात पदराखाली घेऊन ती निघून गेली.